दोनशे एकेचाळीस

३ जुलै

आज पुन्हा दोनशे एकेचाळीस! गणिताच्या ट्यूशनवाल्या बाईंना माझी बायको पेक हून दारातच म्हणाली, "हिचे पप्पा एकही ट्यूशन न लावता सहावीच्या परीक्षेत दोनशे एकेचाळीस काढून आले होते." बाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. आमच्या निंगने स्वतःच्या बुटांकडे. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आधीच येऊन थांबलेली होती.

घरी आल्यावर पेक हूनला म्हणालो, निदान परक्यांना तरी सांगत जाऊ नकोस.

"आकडा तुझा," ती म्हणाली. "मी नुसता वापरते."

खरं आहे. आकडा माझाच. दोन वर्षांपूर्वी नववर्षाच्या जेवणात साडूने आपले सहावीचे मार्क सांगितले, मेव्हणीने सांगितले, आणि निंग माझ्या खांद्याला रेलून म्हणाली — पप्पा, तुझे किती? दोनशे चाळीस म्हणालो असतो तर कुणालाही शंका आली असती. म्हणून एकेचाळीस. खोटं बोलायचं तर नीट बोलावं!

जिच्यावर पुढची शाळा ठरते ती सहावीची परीक्षा मी दिलेलीच नाही. या वहीत तरी ते स्पष्ट असू दे. १९८१ साली, तिसरीच्या शेवटी, आम्हाला चाळणीतून काढलं. माझं नाव एकभाषी तुकडीत लागलं. ज्यांना दोन भाषा झेपत नाहीत त्यांनी एकच शिकायची, प्राथमिक शाळा आठ वर्षांत संपवायची, मग हातकामाचं केंद्र. सहावीच्या परीक्षेला आम्ही नकोच होतो.

पेक हूनला माहीत आहे. लग्नाआधीच सांगितलं होतं. निंगला माहीत नाही.

११ जुलै

दुकानात आज सहा गिऱ्हाइकं शाळेतली. सहाही सहावीची. डोळे मिस क्वेक तपासतात, काच घासून फ्रेममध्ये बसवतो मी. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. उस्तादांच्या मागे उभा राहून बघितलं, फुटक्या काचांवर हात बसवला. आज सव्वीस वर्षं झाली, माझ्या हातची काच सैल झाली म्हणून एकही माणूस परत आलेला नाही.

एका मुलीचा नंबर मार्चमध्ये उणे साडेचार होता, आज सव्वापाच. आई मिस क्वेकना म्हणते, "परीक्षा होईपर्यंत नंबर थांबवता नाही का येणार?"

"तुम्ही परीक्षा थांबवा, बाई. मी नंबर थांबवते."

मुलगी हसली. आई नाही.

आमच्या वर्गात बेचाळीस मुलं होती, चष्मेवाली दोन. त्या दोघांना आम्ही प्रोफेसर म्हणायचो. पुढे त्यातला एक माझ्याबरोबरच एकभाषी तुकडीत आला. तरी प्रोफेसरच.

१९ जुलै

निंग चौथीपर्यंत शाळा सुटली की थेट दुकानात यायची. माझ्या बाकाच्या टोकाला बसून बारीक स्क्रू आकाराप्रमाणे लावायची. एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक चार, एक पूर्णांक सहा मिलिमीटर. नुसत्या नजरेने! एकदाही चुकली नाही. "पप्पा, हा कुठल्या घरचा?" — म्हणजे कुठल्या डबीतला. आता सोमवारी गणित, मंगळवारी चिनी, गुरुवारी विज्ञान, शनिवारी निबंध. बुधवारी ती झोपते.

स्क्रू मीच लावतो. डबीचं झाकण उघडलं की उगाच बाकाच्या टोकाकडे बघतो.

२ ऑगस्ट

नामांकित शाळांच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. सगळेच आईबाप आणतात. पण ते मुलांना देतात, मी आधी स्वतः सोडवतो. घड्याळ लावून, टू-बी पेन्सिलीने, मध्ये न उठता. गणिताच्या तिसऱ्या पत्रिकेत सतरावा प्रश्न — मागे छापलेलं उत्तर चूक आहे! अठ्ठेचाळीस नव्हे, पंचेचाळीस. तीनदा करून पाहिलं. समासात बारीक अक्षरात दुरुस्ती केली.

निंग मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही.

"पप्पा, तुला मजा येते ना?"

हो म्हणालो.

"मग तूच दे ना परीक्षा."

थट्टेने म्हणाली. फ्रीजमधून परीक्षेच्या दिवसांत ताकदीसाठी आणलेली कोंबडीच्या अर्काची बाटली काढली, नाक दाबून प्यायली आणि खोलीत गेली. मी पेन्सिलीला टोक करत बसलो. टोक चांगलं होतं.

२२ ऑगस्ट

शाळेचा निरोप आला, आईवडिलांच्याच फोनवर. सहावीच्या प्रत्येक मुलाला पालकांनी एक पत्र लिहायचं. मुलांना कळू द्यायचं नाही. पाकीट बंद करून ५ सप्टेंबरपर्यंत द्यायचं. लेखी परीक्षेच्या आठवडाभर आधी सभागृहात सगळ्यांना एकदम वाटणार. "उत्साह वाढवणारं असावं. मार्कांचा उल्लेख टाळावा."

"तू लिही," पेक हून म्हणाली. "तुझं इंग्रजी चांगलं."

चांगलं आहेच. शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस आहे मी. सहा वर्षं लागली. पण या पत्रात मार्कांचा उल्लेख टाळता येणार नाही. परवा दप्तरात वेळापत्रक शोधताना निंगची वही उघडली. आतल्या पुठ्ठ्यावर तिने पेन्सिलीने २४१ लिहिलंय आणि भोवती चौकोन काढलाय. चौकोन पुन्हापुन्हा गिरवलाय. कागद चकाकायला लागलाय.

खरं सांगून टाकणार.

३० ऑगस्ट

चौथा खर्डा पक्का. दोन पानं, हाताने लिहिलेली, एकही खाडाखोड नाही. मी कुठल्या तुकडीत होतो, का होतो, काय खोटं बोललो — सगळं. दोनशे एकेचाळीस हा कुणाचाच आकडा नाही, तो पुसून टाक. शेवटी लिहिलं, तू माझ्याएवढी व्हावीस असं मला कधी वाटलं नाही, कारण मी नक्की केवढा आहे हे कुणी मोजलंच नाही.

पाकीट चिकटवून पेक हूनकडे दिलं. शाळा तिच्या ऑफिसच्या वाटेवर आहे. तिने पाकीट हातात तोलून पाहिलं. "एवढं काय लिहिलंस?"

म्हटलं, खरं तेच.

१९ सप्टेंबर

दुपारी पत्रं वाटली. निंग सुजलेले डोळे घेऊन घरी आली. "सगळी रडली पप्पा! दिवे मंद केले, गाणं लावलं. मॉनिटरसुद्धा रडला. त्याच्या आईने तीनच ओळी लिहिल्या होत्या."

आणि तू?

सोफ्यावर माझ्या शेजारी बसली, डोकं खांद्यावर टेकलं. पाच-सहा मिनिटं तरी. मग म्हणाली, "थँक यू पप्पा. वाचलं मी."

एवढंच! आणखी काय हवं? चाळीस वर्षं घशात अडकलेलं असं दोन शब्दांत खाली उतरलं. जेवताना मी दुसऱ्यांदा भात घेतला. पेक हून माशाचे काटे काढत होती. वर पाहिलं नाही तिने.

२५ सप्टेंबर

पहिला पेपर. फाटकापर्यंत सोडलं. आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर शंभरेक आईबाप, बरेच ऑफिसला रजा टाकून आलेले, आणि कुणीच हलेना.

१९८४ साली आमच्या बरोबरीची मुलं हॉलमध्ये बसली, तेव्हा आम्हा तुकडीवाल्यांना सुट्टी दिली होती. आई लापशीच्या गाड्यावर वाट्या धुवायला गेलेली. मी शाळेसमोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. तिथून हॉल दिसायचा. बाकांच्या रांगा, प्रत्येक बाकावर एकच मूल. शेजारच्या घरातला कोक वाह तिसऱ्या रांगेत होता. त्याचा पांढरा शर्ट मला ओळखू आला. आदल्या दिवशी आम्ही दोघं गोट्या खेळलो होतो. घंटा झाली, सगळ्यांनी एकदम कागद उलटला. त्याचा आवाज चौथ्या मजल्यावर येणं शक्य नाही. मला आला.

मला त्या हॉलमध्ये बसायचं होतं. पास व्हायला नाही — बसायला.

१ ऑक्टोबर

संपली. निंग चौदा तास झोपली.

१४ ऑक्टोबर

आज दुकानात आली! बाकाच्या टोकाला बसली. स्क्रूंना हात लावला नाही, फोनवर काहीतरी बघत होती. पण बसली होती. पत्राबद्दल बोलत नाही. मीही काढत नाही. दोनशे एकेचाळीस घरात कुणी उच्चारलेला नाही. पोरगी समजूतदार आहे, माझी लाज राखते.

मिस क्वेक म्हणाल्या, "आज शीळ घालताय?"

२५ नोव्हेंबर

निकाल. नव्या पद्धतीत आकडा जितका लहान तितका चांगला. चार म्हणजे शिखर. निंगला सोळा. चांगले आहेत! मनासारखी नाही, पण बरी शाळा नक्की मिळेल. मी हात पुढे केला तर ती मागे सरकली. सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून हुंदके देऊन रडायला लागली.

"तुझ्या दोनशे एकेचाळीसचे आताच्या हिशोबाने बारा होतात. मी काढून ठेवले होते. चार ट्यूशन, पप्पा! तुला एकही नव्हती. तू पत्रात लिहिलंस, मला जमलं म्हणजे तुलाही जमेल. नाही जमलं!"

असं मी लिहिलेलं नाही.

मी पेक हूनकडे पाहिलं. ती छताच्या पंख्याकडे बघत होती.

निंग मैत्रिणींबरोबर गेल्यावर घरी विचारलं. तिने लपवलं नाही. "उघडलं मी. टाइप करून दुसरं दिलं. परीक्षेला आठवडा राहिलेला, आणि पोरीला सांगायचं की तुझा बाप —"

बाप काय?

वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही आग्रह केला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "फाडलं नाही. तीनदा फाडायला घेतलं. रडूच यायला लागलं वाचताना." मग म्हणाली, "तिला धीर यावा एवढंच होतं रे माझ्या मनात."

मला ओरडायचं होतं. पण तो आकडा तिच्या आधी मीच टाकला होता त्या पोरीच्या डोक्यावर. तोच धीर आज पायऱ्यांवर बसून रडत होता.

म्हणजे त्या दिवशी खांद्यावर डोकं टेकलं, ते दोनशे एकेचाळीसवाल्याच्या.

२६ नोव्हेंबर

सांगितलं. तोंडी, खर्डा न करता. सकाळी खालच्या नूडल्सवाल्याकडे, दोन वाडगे मध्ये ठेवून. निंग रागावली नाही, रडलीही नाही. काड्यांनी वाडग्यातल्या नूडल्स ढवळत राहिली. मग विचारलं, "तुकडी लागली तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

तिसरीत होतो म्हणालो.

"वर्षं सांग."

हिशोब केला. आठ वर्षं, अकरा महिने.

"आठ?" तिने काड्या खाली ठेवल्या. "पप्पा, आठ म्हणजे एवढासा!" आणि टेबलाच्या बाजूला हात आडवा धरून उंची दाखवली. टेबलाच्या जरा वर, बस्स.

नूडल्स गार झाल्या. मी तिच्या हाताखालच्या त्या जागेकडे बघत राहिलो.