नमुन्याच्या घरातला पलंग

थोरल्याच्या आईस माझे आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. सूनबाईला सातवा लागला, जेवण नीट जातं. तुझा गुडघा कसा आहे?

काल थोरल्याबरोबर त्याचं पहिलं घर बघायला गेलो. इमारत अजून उभीच नाही, म्हणून नमुन्याचं घर सजवून ठेवलंय. खोली ऐसपैस वाटली. दमलो होतो, पलंगावर आडवा झालो, तर पाय पोटरीपासून बाहेर. विकणारा म्हणतो, "आजोबा, तो फक्त बघायला आहे." म्हणजे पलंग आखूड करून खोली मोठी दाखवायची. मी विचारलं, "इथे माणसं राहणार की बाहुल्या?"

थोरला मान खाली घालून उभा. बाहेर आल्यावर त्याच्यावरच डाफरलो, "तुझे डोळे कुठे गेले होते?"

तो म्हणाला, "बाबा, मला दिसलं होतं. पण एवढंच परवडतं."

राबणाऱ्या पोराने उघड्या डोळ्यांनी फसायचं, हा कुठला न्याय? संताप अजून उतरत नाही. तरी घे म्हणालो. खरा पलंग टाकला की तिथे पाळणा मावेल, आपण दोघं नाही.

सूनबाई रोज विचारते, "आई कायमच्या कधी येणार?" तूच तिला कळव, की तुला इथली हवा मानवणार नाही.

तब्येतीला जप.

थोरल्याचे बाबा