एक घर राहिलं

रायस्वाइक, १४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मशीन तू कानाला लावत नाहीस, तेव्हा लिहिते. आठवडाभर आमच्याकडे पाहुणी होती, मोझांबिकची सेलेस्ते. आमच्या ऑफिसने तिला हेगच्या हवामान परिषदेला बोलावलं होतं. हॉटेलात नुसतं ब्रेड-चीज बघून बिचारी उपाशीच, म्हणून घरी आणली. माशाचं कालवण आणि भात अशी जेवली म्हणतेस!

तिच्या किनाऱ्यावरच्या गावात वादळ येणार असलं की बायकांची समिती सगळ्यांना टेकडीवर नेते. मग सेलेस्ते एकेका घराला हाक मारते. घरातल्या कुणीतरी ओ द्यायचीच. नाही दिली तर ती शोधायला खाली उतरते. परिषदेत तिने मागितलं, पैसा थेट समितीच्या हातात द्या. साहेबलोक म्हणाले, त्यापेक्षा तुमच्या सरकारला वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे देऊ. यावर ती म्हणाली, कोण मागे राहिलं ते भोंगा विचारतो का?

जाताना सांगून गेली, जिथे जेवले ते घर आता माझ्या हाकेत. आम्ही हसलो.

तुझी,
नीलांबरी

वेंगुर्ले, २ फेब्रुवारी

चि. सौ. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

बाई मोठ्या मनाची दिसते. पण ते हाकेचं मला नाही हो रुचलं. पाण्याकडून हाक आली तर ओ देऊ नये, हे विसरलीस? तिसरी आली तरच माणूस समजावं. ‘ते’ दोनदाच हाक मारतं, तेही ओळखीच्या आवाजात. स्वानंदीलाही बजाव. लेक डच बोलते म्हणून काय झालं!

माझा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. सगळ्यांनी जपून असा.

आत्या

रायस्वाइक, १ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी स्वानंदी नि मी मागच्या अंगणात सायकली पुसत होतो. वारा अगदी पडलेला. कुंपणापलीकडच्या कालव्याकडून माझ्या नावाची हाक आली. मधला ‘आ’ लांबवून माझं नाव एकटी सेलेस्तेच घेते. स्वानंदी हरखून ओ देणार, तोच मी तिच्या तोंडावर हात दाबला. दुसरी हाक आली. मी तिसरीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही गं.

काल सेलेस्तेच्या बहिणीचा निरोप आला. त्याच दुपारी तिकडे वादळ आलं. अख्खं गाव टेकडीवर पोचलं, घराघराने ओ दिली. शेवटी सेलेस्तेने आमच्या घराला दोनदा हाक मारली. बायकांनी विनवलं, अगं ते घर हॉलंडात आहे. ती म्हणाली, मी जेवलेय तिथे. आणि उतरली. अजून सापडलेली नाही.

तुला दोष देत नाही, आत्या. हात मीच दाबला. गाव वाचलं म्हणून आता पैसा समितीलाच द्यायचं ऑफिसात ठरलंय. कागद माझ्याकडे आलेत आणि माझ्याच्याने सही होत नाही.

स्वानंदी शाळेतून आली की अंगणात जाऊन बसते आणि कालव्याकडे तोंड करून ओ देते. पुन्हा पुन्हा देते. हाक तर कुणीच मारत नसतं. आज विचारलं, कुणाला ओ देतेस गं? तर माझ्याकडे न बघता डचमध्ये म्हणाली, ती अजून शोधतेय आपल्याला.

आम्हाला अंतर देऊ नकोस.

तुझी,
नीलांबरी