त्या सिनेमातली बायको

वन्सं,

आमटी फडताळात झाकून ठेवलीय, तेवढी गरम करून आईंना वाढा. मी सिनेमाला गेलेय. होय, त्याच.

काल नळावर साऱ्याजणींची मतं देऊन झाली. शेवंतीबाई म्हणाल्या, "रटाळ आहे. बाई दारात बसते, तळ्यावर धुकं येतं नि जातं, दुसरं काही घडतच नाही." मीराबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं काय झालं, एवढं तरी शेवटी सांगायचं! गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं तो मेलाय. हिलाच कळत नाही." मग सगळ्या माझ्या कपाळाकडे बघायला लागल्या.

मला कळत नाही असं नाही. मोर्चात गोळी लागून तुमचे दादा पडले, ते गणपतभावोजींनी डोळ्यांनी पाहिलं. ते कशाला खोटं बोलतील? प्रेत हाती लागलं नाही, एवढंच. आई दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची म्हणतात आणि वर्षभर मीच अडून बसलेय.

त्या सिनेमात मात्र दिवे लागेपर्यंत तिच्या कुंकवाला कोणी हात लावत नाही. तेवढ्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते, अंधारात तिच्याबरोबर बसते. लोक जांभया देतात, शिट्ट्या मारतात. मारू देत.

आज त्याचा शेवटचा खेळ आहे. उद्या तिथे दुसरा सिनेमा लागतोय.

आईंना सांगा, भटजींना उद्या बोलावलं तरी चालेल.

शकू