छत्तीस नंबरचे ओरखडे

३ ऑक्टोबर, शनिवार
हॉलिस सासऱ्यांनी आज माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. आजवर या माणसाने मला शिडी धरायलाही बोलावलेलं नाही. चर्चच्या जेवणात, सगळ्यांसमोर म्हणाले, मर्ल, तू म्हणे सुऱ्या करतोस, मग एक मला कर की, हरणांच्या शिकारीचा सीझन उघडेल त्या दिवशी कमरेला लावीन. म्हटलं, नऊ इंची करतो, अस्वलसुद्धा सोलाल. लोकांनी मान डोलावली. आता माघार नाही.

१० ऑक्टोबर
पातं कापून झालं, भट्टीत तापवून कडकही झालं. राहिलं फक्त ग्राइंडरवर घासणं. ग्राइंडरवर फिरणाऱ्या सँडपेपरच्या पट्ट्या, म्हणजे बेल्ट, त्यांच्या खोक्यावर क्रम छापलाय: ३६, ६०, १२०, २२०, ४००. आकडा लहान तितका बेल्ट खरखरीत. मधले सगळे नंबर म्हणजे बेल्ट खपवायचे धंदे. मी छत्तीसवरून थेट चारशेवर जाणार.
जुनेल पार्लरमध्ये लोकांची नखं करते. म्हणाली, अरे, मी नखं घासतानासुद्धा मधला नंबर सोडत नाही. बायकोला पोलादातलं काय कळणार.

११ ऑक्टोबर, दुपार
पातं चकाकलं! खिडकीपाशी नेलं, तर छत्तीसचे ओरखडे पात्यापेक्षा जास्त चकाकताहेत. नांगरलेलं शेत. चारशेचा बेल्ट त्यांना नुसतं गोंजारतो.
परत छत्तीस. एकच हात मारायचा.

१८ ऑक्टोबर
साडेसात इंच. एक हात पुरला नाही. पण हॉलिसचं वय बघता नऊ इंची जडच झाली असती. या वेळी मधे साठचा बेल्ट लावला आणि मग चारशे. यालाच तडजोड म्हणतात.
ओरखडे आहेतच.

२५ ऑक्टोबर
ठरलं. शिस्त. छापील क्रमानेच जायचं.
एकशेवीसचा बेल्ट पार गुळगुळीत झालाय, पण टाकवत नाही. जोर लावून दाबला. धूर. टोक निळं पडलं. निळं म्हणजे तेवढ्या पोलादाचा कडकपणा गेला. जुनेलला म्हटलं, रंग बरा दिसतो नाही? म्हणाली, याच शेडचं नेलपॉलिश आहे माझ्याकडे, हवं तर बाकीच्यालाही लाव.
निळं टोक घासून काढलं. साडेपाच इंच. आटोपशीर सुरीच खऱ्या शिकाऱ्याची.

१ नोव्हेंबर
हॉलिसचा फोन. म्हणाले, चामड्याचं म्यान स्वतः शिवलंय, नऊ इंची, दोन रविवार गेले. माझा आवाज बसला. त्यांना वाटलं, सर्दी.
जुनेल म्हणाली, खरं सांगून टाक. मी म्हटलं, सरप्राइज आहे.

७ नोव्हेंबर
नवे बेल्ट आले. ३६, ६०, १२०, प्रत्येक वेळी पात्याची दिशा बदलून, दर घासणीनंतर पाण्यात बुडवून. २२० नंतर दिव्याखाली धरलं. एक ओरखडा. एकच. छत्तीसचा. अगदी धारेलगत.
बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. रडू आलं. धूळ असेल. तरी मन मानेना, परत छत्तीस लावला.

१४ नोव्हेंबर, शनिवार
आज सीझन उघडला. पहाटे हॉलिसच्या स्वयंपाकघरात सुरी दिली. तीन इंच. एकही ओरखडा नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी ती म्यानात घातली. नुसती खुळखुळ.
सुरी भेट मिळाली की देणाऱ्याच्या हातावर नाणं ठेवायचं, नाहीतर नातं तुटतं. हॉलिस या बाबतीत कट्टर. मेहुण्याने एकदा साधी कात्री दिली, तर त्याच्यामागे नाणं घेऊन फाटकापर्यंत धावले होते. आज त्यांनी खिशातून नाणं काढलं, सुरीकडे परत एकदा पाहिलं आणि नाणं खिशात ठेवून दिलं. म्हणाले, राहू दे पोरा, हिने काय तुटणार?
सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी खणातली जुनी सुरी काढून कमरेला लावली आणि मेहुण्याला घेऊन जंगलाकडे गेले. मला चल म्हणाले नाहीत. फार वाईट वाटलं.
जुनेलने माझ्या सुरीने न्याहारीच्या गरम, पावासारख्या बिस्किटाला लोणी लावलं. म्हणाली, छान चालते रे.
मी दुसरं बिस्किट मागितलं.