मशिनची काळी खोळ

आई, परवा मी काळी साडी नेसले. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तू पाठवली होतीस ना, तीच. तेवीस वर्षं ती घडी मोडली नव्हती. इथे दक्षिण गोलार्धात संक्रांत भर उन्हाळ्यात येते, चाळीस डिग्रीत काळी रेशमी साडी कोण नेसणार, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, बरं. खरं कारण ऊन नव्हतंच. जी बाई स्वतः कधी काही चांगलंचुंगलं नेसली नाही तिने मला नटायला का सांगावं, याचा मला राग होता. तो राग अजून गेलेला नाही. हे पत्र प्रेमाने लिहिते आहे असं समजू नकोस.

परवाही संक्रांत नव्हती. जुलैची थंडी होती. पॉइंट कुकच्या आमच्या घरापासून तीन तासांवर समुद्राकाठी एक जुनं बंदराचं गाव आहे. काळ्या दगडाची घरं, एक दीपस्तंभ, बुडालेल्या खलाशांची थडगी. तिथे हिवाळ्यात काळ्या कपड्यांचा उत्सव भरतो. हे लोक स्वतःला गॉथ म्हणवतात. चांगली नोकरीधंद्याची माणसं, पण तीन दिवस पायघोळ काळे झगे, काळ्या लेसचे हातमोजे, पांढरेफटक चेहरे करून गावभर हिंडतात, उदास गाणी ऐकतात आणि मजेत असतात. तुझी नात त्यातली. सतरा वर्षांची झाली आहे. तिचा बाप गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तिने काळ्याशिवाय काही घातलेलं नाही. डँडेनॉन्गला वाणसामान घेताना ओळखीच्या एक काकू भेटल्या. तिच्याकडे बघून मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तिला सांग ना काहीतरी. आधीच घरात असं झालंय, त्यात सारखं काळं कशाला?" मी हसून वेळ मारून नेली. मुलीकडे अजून लर्नरचंच लायसन्स, एकटीने गाडी न्यायची परवानगी नाही, म्हणून या उत्सवाला मी गेले. ड्रायव्हर म्हणून.

काळ्याचं मला नवल नाही, हे तिला कसं सांगू? संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत काळ्याशिवाय दुसरं काय असायचं? आळीतल्या सगळ्या बायकांचे काळे ब्लाउज तुझ्याकडे. काळ्यावर काळा दोरा दिसत नाही म्हणून मशीन दारात ओढून घ्यायचीस, सुया ओवून द्यायला मला शेजारी बसवायचीस. झिजलेल्या साबणाच्या पातळ वडीने कापडावर खुणा करायचीस, आणि त्या वडीचा वास तुझ्या बोटांना असायचा. बायका यायच्या, आरशासमोर ब्लाउज घालून बघायच्या, हसायच्या. तू तोंडात टाचण्या धरून त्यांच्या मागे उभी. अंगावर तीच राखाडी वॉयलची साडी, कपाळ मोकळं. मी अकरा वर्षांची असताना बाबा गेले, तेव्हा तू तेहतीसची होतीस. कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. आजी तर म्हणाली होती, "निदान टिकली तरी लाव गं, पोरीकडे बघून." तू लावली नाहीस. आणि काम संपलं की मशिनवर जी खोळ घालायचीस ती तुझ्याच चंद्रकळेची. काळ्या साडीचे लाल काठ बरोबर मशिनच्या चाकापाशी यायचे. ही खोळीची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली आहे, मुलीला सांगितली आहे, ऑफिसातल्या मैत्रिणींनाही. माझी आई कशी कठोर होती बघा, स्वतःची संक्रांतीची साडी कापून तिने मशिनला घातली! ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मला बरं वाटतं.

आणि तुझं ते दुःख तू एकटीने केलं असतंस तरी चाललं असतं. ते तू मलाही करायला लावलंस. एकदा मैत्रिणीबरोबर पत्ते खेळताना मी खदाखदा हसले, तेव्हा तू स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आलीस आणि तिच्यादेखत म्हणालीस, "ज्या घरातला माणूस गेलाय त्या घराचं हसणं रस्त्यावर जाता कामा नये." मैत्रीण पत्ते टाकून निघून गेली, परत आली नाही. माझ्या लग्नात ओटी काकूने भरली, आणि तू आतल्या खोलीत जेवणाच्या पंगतीची तयारी बघत होतीस. मी बोलावणं पाठवलं तर "शुभकार्यात मी कशाला पुढे" असा निरोप. आई, लग्न माझं होतं! मी बोहल्यावर उभी राहून दाराकडे बघत होते. त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्यावर काहीही वेळ आली तरी मी तुझ्यासारखी होणार नाही.

वेळ आली. तू तेव्हा नव्हतीस, तुला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा सकाळी ऑफिसला म्हणून निघाला आणि स्टेशनच्या पार्किंगमध्ये कोसळला. मी काय केलं सांगू? पंधराव्या दिवशी पिवळा कुडता घालून, मोठी लाल टिकली लावून कामावर गेले. मॅनेजर म्हणाला, अजून सुट्टी घे. मी म्हटलं, नो वरीज. घरात गाणी लावली, वाढदिवस केले, दिवाळीला दुप्पट दिवे लावले. लेकीसमोर एकदाही रडले नाही. मनातल्या मनात तुला वाकुल्या दाखवत होते, की बघ, असंही जगता येतं.

तर परवा. ती साडी माझ्या कपाटात लेकीलाच सापडली, आणि तू सोबत शिवून पाठवलेला ब्लाउजही. उत्सवाचे झगे ती स्वतः शिवते. व्हिडिओ बघून शिकली म्हणते, पण मशिनवर पाय चालवते तुझ्यासारखा. ब्लाउज मला कुठला होतोय? तिने तो उलटा केला आणि ओरडली, "मम, आजीने किती एक्स्ट्रा कापड ठेवलंय आतमध्ये!" मी म्हटलं, त्याला माया म्हणतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं. तिने उसवून परत शिवला आणि तो मला नीट बसला. मोटेलच्या खोलीत मी साडी नेसले, आरशासमोर उभी राहिले आणि सहज बोलून गेले, "बघ गं, कशी दिसते?" ती म्हणाली, "मम! यू लुक अनरिअल." मी पलंगावर बसले. निऱ्या सुटल्या म्हणून सांगितलं. त्या सुटल्या नव्हत्या.

दुपारी धक्क्यावर मिरवणूक होती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या विधवांसारखे पोशाख करून बायका चालतात, तोंडावर काळी जाळी घेऊन. मला संताप आला. माझ्या आईने जे जन्मभर सोसलं ते यांचं गॅदरिंग! माझ्याशेजारी साठीची एक बाई होती, डोक्यापासून पायापर्यंत काळी. बॅलरॅटकडची, नर्स होती. माझ्या साडीचं कौतुक करून म्हणाली की ती नाटक करत नाही, तिचा नवरा खरंच गेला आहे, पाच वर्षं झाली. सगळे म्हणतात आता सावर, आता हस. या तीन दिवसांत तसं कुणी म्हणत नाही म्हणून ती येते. मग तिने मला जुन्या काळचे नियम सांगितले. पहिलं वर्षभर बिनचमकीचं काळं. मग रेशमी काळं चाललं. मग राखाडी, मग फिकट जांभळं. मी विचारलं, आणि त्यानंतर? ती म्हणाली, "देन यू वेअर व्हॉट यू लाइक, डार्ल."

म्हणजे यांच्या दुःखाला शेवटची तारीख होती! तुला कुणी दिलीच नाही, आणि तू मागितली नाहीस. राखाडीवर येऊन थांबलीस ती थांबलीसच. वारा झोंबत होता, पदर आवरत नव्हता, आणि मी सबंध धक्काभर तुझ्याशी भांडत चालले. मिरवणूक संपल्यावर आम्ही मायलेकी बाकावर बसून फिश अँड चिप्स खाल्ले. ती तिच्या मोठ्या काळ्या बुटांनी वाळू उकरत होती. मी तिला म्हटलं, बाबा असते तर हसले असते आपल्याला बघून. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू बाबांचं नाव घेतलंस. यू नेव्हर डू." मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाली, "तू टू वीक्समध्ये यलो ड्रेस घालून ऑफिसला गेलीस, मम. घरात म्यूझिक. मला वाटलं, यू डोंट मिस हिम. म्हटलं समवन हॅज टू." आणि शांतपणे चिप्स खाऊ लागली. कुणीतरी दुःख करायला हवं म्हणून माझ्या चौदा वर्षांच्या पोरीने ते अंगावर घेतलं होतं, आणि मी लोकांना सांगत होते की तिला फॅशनचं वेड आहे. तुझ्याकडे हसायची बंदी होती, माझ्याकडे रडायची. मी तिला जवळ घेतलं. माझी लाल टिकली तिच्या पांढऱ्या पावडरीत चिकटली, ती तिने काढली नाही.

घरी येऊन साडी वाऱ्यावर टाकली आहे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही. साडीच्या घडीत ठेवून देईन. पण खोळीची गोष्ट मी सगळ्यांना अर्धीच सांगितली आहे, तुला तरी पुरी सांगायला हवी. तुला ती ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तुला कधी सांगितलं नाही.

बाबा गेल्यानंतरची तिसरी संक्रांत. मी तेरा वर्षांची. आळीतल्या शाळेतल्या बाईंनी ठरवलं की यंदा हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवायचं, नवरा गेलेल्यांनाही, आणि त्या स्वतः येऊन तुला सांगून गेल्या. दुपारी मी घरी आले तर तू आरशासमोर उभी होतीस. चंद्रकळा नेसलेली. नवा ब्लाउज. केसांत काही नाही, पण कपाळावर एवढीशी काळी टिकली. इतक्या बायकांच्या मागे टाचण्या धरून उभी राहणारी तू पहिल्यांदाच आरशाच्या पुढे होतीस. तू वळलीस आणि म्हणालीस, "बघ गं, कशी दिसते?"

मी म्हटलं, "शोभतं का तुला हे? लोक काय म्हणतील? मी नाही येणार तुझ्याबरोबर."

मी एकटीच जाऊन तिळगूळ घेऊन आले, तेव्हा चंद्रकळेची खोळ मशिनवर चढलेली होती. मी तिच्याकडे बघते आहे असं पाहून तू म्हणालीस, "काळी बरी. मळत नाही." आणि मला खायला दिलंस.

आई, लोकांचं मी खोटं सांगितलं. लोकांची मला काही पर्वा नव्हती. तू इतकी सुंदर दिसत होतीस, की तू आता बाबांना विसरणार असं मला वाटलं.