वस्तुमान तेवढंच राहतं

श्रीरामपूर,
९ जून २०२५

प्रिय रमीज,

अनेक आशीर्वाद. बेलापूरला तू आणि तुझी आई मुबारकबी बरे असाल. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिना चढता येतो. मार्चमध्ये बोअरची जळालेली मोटर तुझ्या दुकानातून नवं वायंडिंग भरून आणली, ती नीट चालते आहे. तेव्हा प्लंबरला पाठवलं, मी आले नाही. गुडघा हे त्याचं कारण नव्हतं.

फलक सुट्टीत माझ्याकडे गणिताला येते. ती तुझी मुलगी हे मला वहीवरच्या नावावरून कळलं. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, एखादा कण प्रकाशाच्या वेगाजवळ नेला तर काय होतं? मी सांगितलं, जितकं ढकलावं तितका वेग कमी कमी वाढत जातो, प्रकाशाला तो कधीच गाठत नाही. ती म्हणाली, "मग आपण लावलेला जोर जातो कुठं? वाया?"

मी म्हटलं, "तू सायन्स घे."

"अब्बू कॉमर्स म्हणतात. म्हणतात, 'फिजिक्स आपल्या घरात न्हाई जमत. मी लई डोकं आपटून बसलोय.'"

शुक्रवारी तुम्ही तिचा अकरावीचा अर्ज भरणार आहात. म्हणून लिहिते. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

बारावीचा तो तास तुला आठवत असेल. मी फळ्यावर लिहिलं होतं: वेग वाढतो तसं वस्तुमान वाढतं. तू मागच्या बाकावरून उठलास. "मॅडम, त्या कणावर बसून बघितलं तर त्याला काय झालंय? कायच न्हाई. मग वाढलं काय?"

कुणीतरी म्हणालं, "आधी सायकलवर नीट बस." वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्यावरचं वाक्य तुला शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं.

तुला एवढंच माहीत आहे.

त्या दुपारी मी लायब्ररीत गेले. पदवीच्या वर्गाचं एक जाड पुस्तक काढलं. त्यात तुझंच म्हणणं होतं. वस्तुमान तेवढंच राहतं. वाढते ती ऊर्जा, वाढतो तो संवेग. आपला जोर तिथं जमा होतो, वेगात फारसा दिसत नाही. आपलं पाठ्यपुस्तक खोटं नव्हतं, त्याची मांडणी जुनी होती. तुझी जास्त स्वच्छ होती, आणि ती तू कुठं वाचलेली नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी तू चार पानं लिहून आणलीस. तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी लाल पेनानं सही केली, खाली तारीख घातली.

मी नवीन होते. बोर्डाला पुस्तकातलंच उत्तर लागतं. वर्ग हातातून जाईल अशी भीती होती. ही कारणं खरी आहेत, पण पुरत नाहीत. त्यानंतर वर्षभर तू एकही प्रश्न विचारला नाहीस, आणि मला ते सोयीचं वाटलं. पुढं तू मोटरी भरायला लागलास असं कळलं, तेव्हाही मी गप्प राहिले.

तुझं डोकं कमी पडलं असं तू सव्वीस वर्षं धरून चालला आहेस. त्यावर सही माझी आहे.

फलकनं काय घ्यायचं ते तुम्ही बापलेक ठरवा. कॉमर्स घेतलं तरी तिला गणिताला पाठव. फक्त आपल्या घरात जमत नाही म्हणून तिनं दुसरीकडे जाऊ नये.

हे पत्र तिच्याच हाती देता आलं असतं. पोस्टानं पाठवते, कारण आधी तू वाचायला हवं. तिला दाखवायचं की नाही ते तू बघ. दाखवलंस तर शनिवारी ती माझ्यासमोर येऊन बसेल आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देऊन शिकवावं लागेल. शिकवीन.

तू बरोबर होतास.

सत्यशीला गाडेकर