झोप लागली का, आप्पा?

९ जानेवारी ७८
टॉनिकनं गुडघा बरा होतो का? बी.एस्सी. झाले, घरातली पहिलीच, पण हे मला सांगता येत नाही. पुस्तकात जीवनसत्त्वांचे तक्ते आहेत, हाडातलं कॅल्शियम आहे. रेल्वेच्या गँगमध्ये जन्मभर पहार मारून सुजलेल्या गुडघ्याबद्दल काही नाही.
तरी शिकवणीच्या पैशातून आप्पांसाठी बाटली आणली. लाल, गोड, वर फळांचं चित्र. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. दुकानदार म्हणाला, सांधे, झोप, थकवा, तिन्हीला चालतं. एकच बाटली तिन्हीला कशी, हे विचारायला हवं होतं.
आप्पांनी ती उजेडात धरली. "दारूवानी दिसती गं."
आई : "मंग तर घ्यालच."
आप्पा म्हणाले, "जूनला तू बी.एड.ला पुण्याला जाशील. तुझं वरीस पार पडूस्तवर गुडघं टिकलं म्हंजी झालं. मंग मोडू दे."

१३ जाने.
बाटली डब्याच्या पिशवीत जाते. दुपारच्या भाकरीबरोबर घेतो म्हणाले. सकाळी उठल्या उठल्या विचारते, झोप लागली का, आप्पा? "लागली की."
वरवंडच्या अंगाला एका रेल्वे फाटकावरची गेटमनची जागा रिकामी होतेय. आईनं विषय काढला. बसून काम, गुडघ्याला आराम.
"फाटक म्हाताऱ्यांचं. आन् जादा काम न्हाई तिथं. पोरीची फी काय इंजिन भरल?"
विषय बंद.

१९ जाने.
आप्पा : झोप बरी. गुडघा हलका वाटतो म्हणाले.
शेजारच्या हौसामावशी आल्या. "तुझ्या बापाला गुण आला म्हणं. माझ्या मनगटाला चालंल का?"
हो म्हणाले. त्या गेल्यावर वाटलं, एका माणसावरून? कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे खपलं नसतं. पण दिवसभर बरं वाटत होतं. पुण्यात वसतिगृह मिळेल का, याचाच विचार करत बसले.

२४ जाने.
आईला ताप. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारून टाकलं. वयस्कर, तुटक बोलणारे. "पोटातच कमी पडत असेल तर थोडा आधार होत असेल. झिजलेला सांधा बाटलीनं भरून आलेला मी तरी पाहिला नाही. विश्रांती द्या."
मग पुढच्या पेशंटला तसलीच बाटली लिहून दिली. मी बघत राहिले तर म्हणाले, "नाही लिहिली तर दुसरीकडे जाऊन सुई टोचून घेईल."
विश्रांती. ती कुठल्या दुकानात मिळते?

२९ जाने.
बाजारात शिवाकाका भेटले. आप्पांच्या गँगचे मुकादम. मी जयभीम केला.
"पोरी, तुझं औषध लई भारी! दुसरी बाटली कवा?"
मला कळेना.
"अगं, सगळी गँग पितीया. डब्याच्या झाकणात एकेक घोट. दगडूला तर असली झोप लागतीया, परवा भाकर खाऊन रुळाकडंला आडवा झाला, शिट्टी ऐकंना. ओढून काढला, न्हाईतर त्याचंच टॉनिक झालं असतं. मारुत्या म्हंतो पोट बिघाडलं. ज्याचं त्याचं येगळं."
आणि आप्पा?
"त्यो न्हाई घेत. म्हंतो, सगळ्यांला पुरत न्हाई. गोळ्या तर सुपारीवानी वाटल्या."
गँगमध्ये एकट्यानं खायची रीत नाही. कांदासुद्धा फोडून वाटतात. हे मला लहानपणापासून माहीत. बाटली पिशवीत ठेवताना आठवलं नाही.

घरी येऊन विचारलं. मग झोप कशी लागत होती, आप्पा?
"तू रोज इचारायचीस. कूस बदलली की गुडघा वाजतो, तू जागी व्हतीस. म्हणून हालायचोच न्हाई. गप पडून ऱ्हायचो, तुला वाटावं झोपलो."
आई चुलीपुढून म्हणाली, "मला ठावं व्हतं."

३१ जाने.
अंगात त्राण नाही. मी तर काहीच उचललेलं नाही.
हौसामावशींना सांगून आले, आप्पांना गुण आला हे खरं नव्हतं, टॉनिकचं मला काही माहीत नाही.
"मंग माझं मनगट कमी दुखतंय ते?"
"तेही माहीत नाही, मावशी."
"इतकं शिकून मंग शिकलीस काय गं?" त्यांची बाटली त्यांनी चालू ठेवली आहे.
मनगट खरंच कमी दुखत असेल. की धुणं कमी आहे म्हणून? की कुणी विचारलं म्हणून?
एवढं मात्र कळलं. गुण यावा अशी गरज माझी होती. गुडघे टिकले तर मला पुणं. रोज सकाळी मी आप्पांना झोपेचं नाही, पुण्याचंच विचारत होते.

३ फेब्रु.
शिरूरला एका शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या आहेत. तात्पुरती जागा, बी.एड. नसलं तरी चालेल. मैत्रिणीनं कळवलं. घरी बोलले नाही. बोलले तर फीसाठी आप्पा उद्यापासून जादा काम मागून घेतील.

६ फेब्रु.
सकाळच्या एस.टी.नं शिरूरला गेले. रुजू होऊन आले.
येताना आधी शिवाकाकांकडे. म्हटलं, फाटकासाठी आप्पांचं नाव साहेबांपुढं घाला, फीचं कारण आता उरलं नाही.
"तुझा बाप मला रुळाला बांधंल." पण घालतो म्हणाले.
मग घरी सांगितलं. आप्पांचा घास हातातच राहिला.
"आन् बी.एड.?"
"पुढं बघू."
"कुनाला इचारलंस?"
आप्पा ताट तसंच ठेवून उठले. उठताना गुडघा कटकन वाजला, तिघांनीही ऐकला. फाटक घेणार का, बोलले नाहीत.

७ फेब्रु.
आप्पा रोजच्यासारखेच पहार घेऊन निघाले. आज मी झोपेचं विचारलं नाही. दारापर्यंत गेले, थांबले. पाठमोरेच म्हणाले, "न्हाई लागली झोप."
मी माझी पिशवी घेतली आणि शिरूरची एस.टी. धरली.